धंदा बंद झाला म्हणजे नेमके काय झाले?

नवा धंदा सुरू होतो तेव्हा सगळ्या गावाला कळते. नारळ फुटतो, पेढे येतात, व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतात. मिटतो तेव्हा मात्र कुणाला पत्ता लागत नाही. त्यामुळे "इथं काय बी काढा, चालतंय" आणि "गडावर कुणाचं टिकत न्हाई" ही दोन्ही वाक्ये पन्हाळ्यावर सारख्याच ठामपणे ऐकायला मिळतात, आणि दोन्हींना आधार नसतो.

पाहणीची परंपरा कोल्हापूरला नवी नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या एन. व्ही. सोवनी यांनी केलेल्या कोल्हापूर शहराच्या सामाजिक पाहणीचे तीन खंड १९४८ ते १९५२ या काळात निघाले. त्यातला दुसरा उद्योग, व्यापार आणि मजुरांवर आहे. त्या वेळचे शहर त्यात सापडते, पण त्यातले कोण पुढे दहा वर्षे तगले हे एका वेळच्या मोजणीतून कळणार नाही. सरकारच्या आर्थिक गणनेचेही तेच. पाचवी २००५ मध्ये झाली, सहावी २०१३ मध्ये. मधल्या काळात जन्मून मधल्याच काळात मिटलेले दुकान दोन्हींत नाही. ते पकडायचे तर नवे धंदे सुरुवातीलाच गाठून त्यांच्या मागे वर्षानुवर्षे फिरावे लागते. आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी पन्हाळ्यावर आणि पायथ्याच्या गावांत तेच करतो. नव्याने असे काही करू पाहणाऱ्यांसाठी हे अनुभवाचे बोल.

१. यादी पायांनी करा

सरकारी नोंदींवरून यादी करण्याचा मोह होतो. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, फुकट आहे, मोबाईलवर होते. पण ती धंदा सुरू झाला म्हणून होतेच असे नाही. बँकेने कर्जासाठी मागितली म्हणजे होते. चार वर्षे चाललेला धंदा कागदावर काल जन्मतो आणि कधीच न उघडलेला धंदाही तिथे दिमाखात असतो. दुकाने-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याने मोजकेच कामगार असतील तर नुसती सूचना दिली की भागते, आणि ती देण्याचेही बऱ्याच जणांच्या मनात येत नाही. जीएसटी तर माल विकणाऱ्याला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. गडावरचा कणीसवाला तिथे कुठून दिसणार?

म्हणून चालायचे. वाघबीळच्या वळणापासून नेबापूर, मग वर बसस्थानक, तीन दरवाजा, तबक उद्यान. पाट्या वाचायच्या, पण पाटी नसलेल्यांसाठी दारोदार एकच प्रश्न विचारायचा: या घरातले कुणी गेल्या वर्षभरात काही विकायला किंवा कुणाचे काम पैसे घेऊन करून द्यायला सुरुवात केली का? या प्रश्नाला घरातून ब्लाउज शिवणारी सापडते, पर्यटकांना खोली देणारा सापडतो, लग्नाचे ड्रोन-शूटिंग करणारा पोरगा सापडतो. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. अमेरिकेत धंदा उभारण्याच्या बेतात असलेल्या माणसांचा असाच लांब पल्ल्याचा अभ्यास २००५ मध्ये सुरू झाला, तेव्हा १,२१४ माणसे मिळवायला ३१,८४५ जणांना विचारावे लागले होते.

२. जन्म कधी झाला, हे आधी ठरवा

एका ताईंचे उदाहरण देतो. आधी त्या सुट्टीच्या दिवशी घरून ताक नेऊन विकायच्या. पुढे एका ओळखीच्या हॉटेलला भाकरी करून देऊ लागल्या. मग रस्त्याकडेला चूल, त्यावर प्लास्टिकचा कागद. मग पत्र्याची शेड, चार खुर्च्या आणि "अस्सल गावरान पिठलं-भाकरी" असा बोर्ड. यातला नवा धंदा कोणता आणि तो कधी सुरू झाला? ताईंना विचाराल तर त्या शेडची तारीख सांगतात, कारण शेडला पैसे लागले.

अमेरिकेतल्या कॉफमन पाहणीने २००४ मध्ये सुरू झालेले ४,९२८ व्यवसाय धरले आणि २०११ पर्यंत दरवर्षी त्यांची विचारपूस केली. त्यांनी जन्माची खूण कागदांवर ठेवली होती: कर-क्रमांक, कायदेशीर नोंदणी, कामगारांचा भरणा असे काही त्याच वर्षी पहिल्यांदा घडलेले असले पाहिजे, त्याआधी काहीच नको. आपल्याकडे असे कागद लावले तर निम्मी चाळण रिकामी राहील. आम्ही साधी खूण ठरवली: नात्यागोत्याबाहेरच्या माणसाने पहिल्यांदा पैसे मोजले तो दिवस, आणि त्यानंतर निदान एक हंगाम ते काम पुन्हा झालेले असणे. या हिशोबाने ताईंचा धंदा ताकापासून सुरू होतो. तुम्ही दुसरी खूण ठरवा, हरकत नाही, पण ती पहिल्या वर्षी कागदावर लिहा आणि नंतर हलवू नका.

तारीख कुणाला आठवत नाही, प्रसंग आठवतो. प्रश्नावलीसोबत म्हणून गावाचे पंचांग ठेवावे लागते. ऑगस्ट २०१९ चा महापूर, मार्च २०२० ची टाळेबंदी, जुलै २०२१ मध्ये गडावर येणारा मुख्य रस्ता खचला ते, जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला ते. दरवर्षी जोतिबाची चैत्र यात्रा आहेच. "रस्ता खचला त्याच्या आधी का नंतर?" असे विचारले की माणूस बरोबर सांगतो.

३. माणसाला धरा, गाळ्याला नको

पहिल्या वर्षी सगळे जागेवर भेटतात, त्यामुळे पत्ता पुरेल असे वाटते. दुसऱ्या वर्षी गाळ्यात मोबाईलचे दुकान असते आणि चहावाला तिथे नसतो. तो पायथ्याला वडापाव विकत असतो. धंदा मेला की सरकला? पाहणी गाळ्याची असेल तर मेला. माणसाची असेल तर एकाच कष्टाची ती पुढची पायरी.

महाराष्ट्रात याचा उत्तम नमुना आहे, तोही शेतीतला. इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातले कानझरा आणि किनखेडा अशा गावांत तीच ती कुटुंबे धरून अभ्यास केला. दर गावात ४० कुटुंबे, त्यातली दहा भूमिहीन मजुरांची. माहिती घेणारा माणूस गावातच राहायचा आणि दर काही आठवड्यांनी घरी यायचा. आपल्याला तेवढे परवडत नाही, पण निदान तीन संपर्क घ्यावेत: मालकाचा, बायकोचा किंवा भावाचा, आणि धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्याचा. मालकाचा नंबर सगळ्यात आधी बदलतो. उधारी थकली की नंबर बदलण्यासारखा सोपा उपाय नाही!

४. 'बंद' या एका खान्यात सगळे कोंबू नका

पाहणीतला सगळ्यात मोलाचा भाग इथे आहे आणि बहुतेक प्रश्नावल्यांत त्यासाठी हो-नाहीचे दोनच चौकोन असतात.

जुलैमध्ये, आठवड्याच्या मधल्या दिवशी, धुक्यात एका शेडला ताडपत्री बांधलेली दिसली. विद्यार्थ्याने बंद लिहिले. घरी जाऊन विचारले तर मावशी म्हणाल्या, "बंद कुठं केलंय ओ सर? शनवार-रविवारी लावतोय की. एरवी कोण येतंय वर, धुकं बगाय?" दुसरीकडे एक गॅरेज. शटर खाली, आत सामान जागेवर. मालक गळीत हंगामात कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर जातो आणि हंगाम सरला की परत पान्हे हातात घेतो. त्याच्या हिशोबात गॅरेज कधीच बंद नसते. तिसरा पोरगा: झेरॉक्सचे दुकान बंद करून वारणानगरला नोकरीला लागला. महिन्याला ठराविक पगार सुरू झाला म्हणून घरात आनंद, आणि आमच्या कागदावर मात्र धंदा बुडाला.

तेव्हा खाने निदान इतके हवेत: हंगामापुरता बंद, जागा बदलली, माल बदलला, मालक बदलला, चांगले काही मिळाले म्हणून सोडला, आणि खरोखर मोडला. शेवटच्यातही कर्ज उरले की नाही हे वेगळे विचारावे. कर्ज डोक्यावर ठेवून मिटलेला धंदा आणि सामान विकून सरळ हिशोब मिटवलेला धंदा, या दोन्ही घरांची पुढची पाच वर्षे सारखी जात नाहीत.

आणि मोडलेल्यांकडे जायचेच. पोरे टाळतात, कारण तिथे चहा मिळत नाही आणि माणूस तोंड चुकवतो. टिकलेल्यांशी बोलणे सोपे असते. त्यांना सांगायला गोष्ट असते, ती रंगवूनही सांगतात. फक्त त्यांचेच ऐकले तर जिद्द आणि चिकाटीने सगळे होते असा निष्कर्ष निघतो. मोडलेल्या दहा जणांना भेटा, जिद्द त्यांच्याकडेही तेवढीच होती असे दिसते. एकाची जागा रस्ता रुंदीकरणात गेली, एकीच्या सासूला लकवा झाला. आमच्या यादीत आजारपणाने बंद झालेले धंदे गिऱ्हाईक नाही म्हणून बंद झालेल्यांपेक्षा कमी नाहीत, आणि धंद्याच्या प्रश्नावलीत घरच्या दुखण्याखुपण्याला जागाच ठेवलेली नसते.

५. नफा विचारू नका, पीठ विचारा

"महिन्याला किती सुटतात?" याचे उत्तर पन्हाळ्यावर एकच आहे: "भागतंय." ते खोटेही नाही. गल्ल्यातूनच पोराची फी जाते, गल्ल्यातूनच भिशी आणि पिग्मी जाते, घरच्या तांदळाची भाकरी गिऱ्हाइकाला जाते आणि उरलेले पिठले घरी येते. तिथे नफा कुठून वेगळा काढणार? मोजता येते ते विचारावे. काल किती पीठ मळले? किलोला किती भाकरी होतात? सिलिंडर किती दिवस गेला? ताटाचा दर काय, आणि शनिवारी किती ताटे गेली, मंगळवारी किती? यातून विक्री आपल्याला मांडता येते, आणि सांगणाऱ्यालाही यात लपवण्यासारखे काही वाटत नाही. कालचे विचारा, फार तर आठवड्याचे. वर्षाचे विचारले की आकडा बनवला जातो.

६. महिना आणि वार बदलू नका

यंदा मे महिन्यात गेलात आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, तर धंदा घसरला की नुसता पाऊस पडला हे सांगता येणार नाही. शनिवारचा पन्हाळा आणि मंगळवारचा पन्हाळा ही दोन वेगळी गावे आहेत. दोन्ही दिवस जा.

७. "अतिक्रमणवाले काय?"

कागद-पेन घेऊन दारात उभे राहिले की पहिला प्रश्न हा येतो, आणि भीती रास्त आहे. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीचे बंधन आहे. युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून आम्हाला हा प्रश्न जास्त वेळा ऐकू येतो. शेड कधी घातली, या साध्या प्रश्नाचे उत्तर कुणाच्या तरी हातात पडले तर शेड जाऊ शकते, असे समोरच्याला वाटते.

त्यासाठी नावे एका वहीत, उत्तरे दुसरीत, मध्ये फक्त क्रमांक. नावांची वही एकाच माणसाकडे कुलपात. अहवालात "तीन दरवाजाजवळचे पिठले-भाकरी केंद्र" असेही लिहायचे नाही, कारण गावाला तेवढ्यावरून माणूस कळतो. आणि हे सगळे पहिल्याच भेटीत त्यांच्यासमोर करून दाखवायचे. पिग्मी एजंटाला कोण चालू, कोण बंद हे आपल्या आधी ठाऊक असते. पत्ता शोधायला त्याची मदत जरूर घ्या, पण कुणाची किती पिग्मी हे त्याला कधीही विचारू नका. एकदा विचारले की ती बातमी तुमच्या आधी घरोघर पोचते.

८. गळती आजच धरून चाला

इक्रिसॅटचे काम १९८५ च्या सुमारास थांबले आणि २००१ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात घरे वाटली गेली, मुले वेगळी झाली. खंड पडलेली पाहणी जोडणे नवी सुरू करण्याहून कठीण असते. तेव्हा पैसा थोडा असेल तर धंदे कमी धरा, प्रश्न कमी करा, वर्षे कमी करू नका. जुने प्रश्न शब्दशः तेच ठेवा, नवे शेवटी जोडा.

आता हिशोब. दरवर्षी दहा टक्के माणसे हातातून सुटतात असे धरले, गाव सोडले म्हणून असो वा कंटाळून, तर शंभरांपैकी पाच वर्षांनी ५९ उरतात. तेव्हा बोलायला शंभर जण हवे असतील तर आज १७० धरले पाहिजेत. बायका चालवतात ते आणि पुरुष चालवतात ते, गडावरचे आणि पायथ्याचे, असे वेगवेगळे पाहायचे असेल तर प्रत्येक गटासाठी हा हिशोब स्वतंत्र करायचा. पन्हाळ्यावर वर्षभरात तेवढे नवे धंदे निघतच नाहीत. मग लागोपाठ दोन-तीन वर्षांचे एकत्र घ्यावे लागतात किंवा खाली कोडोलीच्या बाजारपेठेपर्यंत उतरावे लागते. आम्ही कोडोलीपर्यंत उतरलो.