दुसरी यादी

परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, जो तो विचारतोय काय देऊ, मी सरळ यादीच करून टाकते." ते ऐकून मी जरा गप्प झाले होते. त्याचं कारण आधी सांगते.

माझ्या लग्नाच्या याद्या आपल्या जुन्या घराच्या ओसरीवर झाल्या. मध्ये पाट, पाटावर कागद, कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू. कोणी काय द्यायचं ते एकेक करून लिहिलं गेलं आणि शेवटी तुझ्या आजोबांनी खाली सही केली. सही करण्याआधी त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं होतं. मी दाराआडून बघत होते. त्यासाठी काढलेलं कर्ज फिटायला चार वर्षं लागली. "यादीवर शादी" हे लोक कौतुकाने म्हणतात, पण यादी म्हटलं की मला अजून ते पेन दिसतं.

तुझी यादी वेगळी आहे, हे मला कळतं. ती वेगळीच राहावी म्हणून पहिलं सांगणं हे की, कुणी आपणहून विचारलं तरच सांगायचं, आणि विचारणाराही घरातला, जवळचा असावा. पत्रिकेबरोबर पाठवायची नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायची नाही. आणि तिकडच्या घरून कुणी "यादीत फ्रिजही घालून टाका" असं सहज म्हणालं, तरी मला त्याच दिवशी फोन कर. लग्नासाठी म्हणून समोरच्याने मागितलेली वस्तू म्हणजे हुंडा, मग तिला आहेर म्हणोत की मानपान. 1961 च्या कायद्याने हुंडा देणं, घेणं आणि मागणं, तिन्ही गुन्हे आहेत.

आता यादीकडे वळू. ती दुकानात उभं राहून करू नकोस, फोनवर चित्रं बघूनही नको. तुम्ही दोघं त्या भाड्याच्या फ्लॅटवर जा, बरोबर टेप घ्या. ओटा किती लांब, फ्रिजच्या जागेची रुंदी किती, दारातून काय आत जाईल, 16 अँपिअरचा प्लग कुठे आहे, हे लिहून काढा. दोघांनी जायचं, कारण स्वयंपाक दोघांचा आहे. मग तिथेच बसून सकाळच्या चहापासून रात्रीच्या विरजणापर्यंतचा एक साधा दिवस डोळ्यांपुढे आणा. जी वस्तू त्या दिवसात हाताला लागली ती यादीत. वर्षातून एकदा लागणारी वस्तू आपल्या घरून मागून नेता येते, पुरणयंत्र माझं आहेच.

माझ्या लग्नात स्टीलची नऊ पातेली आली आणि जवळजवळ सगळी एकाच मापाची. एकात एक बसेनात, एकावर एक रचली की रात्री मांजराच्या धक्क्याने कोसळायची. आणि दूध उतू जायला लागलं तेव्हा कळलं की सांडशी कुणीच दिलेली नाही. साडीचा पदर धरून पातेलं उतरवलं. म्हणून पातेली सांगताना मापाने सांग: एकात एक बसणारी चार, झाकणांसकट, सगळ्यात लहान दोन कप चहाचं, सगळ्यात मोठं दोन लिटर दूध तापेल असं. बूड जाड हवं. इंडक्शन घेणार असाल तर नुसतं अ‍ॅल्युमिनियम त्यावर तापत नाही, भांड्याचं बूड चुंबक धरणारं लागतं. दुकानात चुंबक लावून बघायचा, घट्ट चिकटला तर चालेल.

कुकरचंही तसंच. दोघांना तीन लिटरचा पुरतो असं दुकानदार म्हणेल आणि खिचडीपुरतं ते खरं आहे. पण डबे लावून वरण आणि भात एकदम करायचा तर पाच लिटरचा उभा घे. त्यात पाहुण्यांचंही भागतं. आयएसआय खूण बघायची. पुढे दुसरा कुकर घेतलास तर त्याच कंपनीचा घे, म्हणजे शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्हसाठी दोन दुकानं हिंडावी लागत नाहीत.

तांब्या-पितळेचा मोह मलाही आहे. तांबट आळीतून ठोक्यांचा आवाज ऐकत गेलं की हात रिकामा परत येत नाही. पण आतून कल्हई नसलेल्या भांड्यात आमटी, ताक, चिंचेचं काही ठेवायचं नसतं, ते कळकतं. कल्हईवाला तुमच्या सोसायटीत येणार आहे का? नसेल तर पाण्याचा एक तांब्या पुरे.

मिक्सर 750 वॅटचा, चटणीच्या लहान भांड्यासह. फ्रिजसारखी मोठी वस्तू एकट्या मामाच्या अंगावर टाकू नकोस. मामा आणि दोन्ही मावश्या मिळून देतील, त्यांनाही ते बरं पडेल. भिंतीत खिळे ठोकावे लागतील असं काहीच सांगू नकोस, अकरा महिन्यांनी घर बदलायचं असतं.

सगळ्यात जास्त विचार कर तो देणाऱ्याच्या खिशाचा. यादीत किमती लिहायच्या नाहीत आणि निम्म्याहून जास्त वस्तू लहान असू देत. सांडशी, चहाचं गाळणं, उलथनं, झारा, किसणी, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा. आपल्या धाकट्या काकू पेन्शनवर आहेत. त्यांनी विचारलं की आधी "तुमच्या हातची गोधडी मिळेल का?" एवढंच म्हण. जमत नाही म्हणाल्या तर गाळणं सांग. विचारणाऱ्याला एकच वस्तू कधी सांगू नये, तीन सांगाव्यात, लहान, मधली, मोठी. म्हणजे निवड त्याची राहते आणि त्याला मान खाली घालावी लागत नाही. आणि कुणी काही न विचारता स्वतःच्या आवडीने घड्याळ नाहीतर गणपती आणला तर तो दोन्ही हातांनी घ्यायचा. "हे आधीच आलंय" हे शब्द तोंडातून जाता कामा नयेत, मांडवात नाही आणि नंतरही नाही.

पाकिटं येतीलच. पाकीट रिकामं करण्याआधी आतली रक्कम त्याच्यावरच लिहायची, एक रुपयाच्या नाण्यासकट. एका लग्नात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, कुणी तेवढं देणार असेल तर चेकने द्यायला सांग. सोनं आलं तर हॉलमार्क आणि अक्षरं-अंक मिळून सहा जागांचा क्रमांक बघ. पावती दागिन्याच्या डबीत ठेवू नकोस, वेगळी ठेव.

आता वहीचं. आहेराची वही लिहायला पूर्वी मांडवात एक शांत डोक्याचा माणूस बसवायचे, कारण उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की आपण काय न्यायचं ते त्या वहीवरून ठरायचं. तू त्यासाठी ठेवच, पण आणखी एक कारण आहे. त्याच हुंड्याच्या कायद्याखालच्या 1985 च्या नियमांप्रमाणे लग्नात आलेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची असते: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं. तुला आलेल्यांची तुझी, त्याला आलेल्यांची त्याची, आणि प्रत्येक यादीवर दोघांच्या सह्या. हे फार कमी घरांत होतं. तू कर. तुला मिळालेलं ते तुझं स्त्रीधन आहे. कधी दाखवायची वेळ येऊ नये असंच मी देवाला म्हणते, पण कागद तयार असू दे. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, चहा घेत, दोघांनी बसून करा. तुझ्या आजोबांनी एकट्याने सही केली होती, तुम्ही दोघं मिळून कराल.

भांड्यांवर नावं मात्र घालून घे. हल्ली मुलींना ते जुनाट वाटतं. माझ्या एका वाटीवर बारीक टिंबाटिंबांनी कोरलेलं माझ्या मामाचं नाव आहे. मामा जाऊन वीस वर्षं झाली, तरी रोज ती वाटी घासताना अंगठा त्या अक्षरांवरून फिरतो.

माझ्या नावापुढे बिडाचा तवा लिही. दुकानातला नवा नको, नव्यावर पहिले घावन फाटतात आणि तो मुरायला महिने जातात. गेल्या दिवाळीत मी एक घेतला आणि तेव्हापासून दर दोन दिवसांनी त्यावर काहीतरी करतेय, तेल लावून ठेवतेय. आता घावन अलगद सुटायला लागलेत. अजून दोन महिने आहेत ना लग्नाला, तोवर तो अगदी तयार होईल.