आठ तासांचे पाचच तास असतात गं

सगळ्यात आधी ती नणंदेने पाठवलेली यादी बाजूला ठेव. फाडू नकोस, नुसती बाजूला ठेव. पेनांगची डझनभर ठिकाणं, फुकेतची तेवढीच, आणि वर 'वेळ उरला तर शॉपिंग'! अगं, ती विमानाने गेली होती, हॉटेलात राहिली होती. तू सिंगापूरहून जहाजाने जातेयस. पेनांगला एक दिवस, फुकेतला एक दिवस, बरोबर सासू-सासरे, नवरा आणि दोन पोरं. गोंधळायला होणारच. पण एवढ्या माणसांना रोज वेळेवर जेवायला बसवतेस ना? मग हेही तुला जमणार आहे.

खरं सांगू का, क्रूझवरचे निम्मे घोळ तास मोजण्यात होतात. कागदावर लिहिलेलं असतं, पेनांग, सकाळी ८ ते दुपारी ४. आपण लगेच खूश, आठ तास मिळाले! आता बघ हं. आठला जहाज नुसतं धक्क्याला लागतं. तिथले अधिकारी येतात, कागद बघतात, मग उतरायची परवानगी मिळते आणि शिडी उघडते. तोवर अर्धा-पाऊण तास गेलेला असतो. मग अख्खं जहाज त्या एक-दोन दारांतून उतरणार, आणि नेमकं तेव्हाच तुझ्या सासऱ्यांना केबिनमध्ये विसरलेला चष्मा आठवणार. धर साडेनऊ. आता मागून मोज. चारला जहाज सुटतं, म्हणजे सगळ्यांनी साडेतीनला आत असायला हवं, काही जहाजांवर तर तीनलाच. ही 'ऑल अबोर्ड'ची वेळ रोजच्या छापील कार्यक्रमात असते, तिच्याखाली लाल पेनाने रेघ मार. तू मात्र घरच्यांना अडीच सांग. खरी वेळ फक्त तुला ठाऊक असू दे, नवऱ्यालासुद्धा सांगू नकोस, तो 'अजून अर्धा तास आहे की' म्हणून फ्रिज मॅग्नेट बघत उभा राहील. साडेनऊ ते अडीच, पाच तास. एक जेवणात गेला. उरलेल्या चारात काय बसतं तेवढंच ठरवायचं.

आणि हे नीट ऐक, कारण हे कोणी सांगत नाही. थायलंडचं घड्याळ सिंगापूर आणि मलेशियाच्या एक तास मागे आहे. फुकेतला उतरलीस की फोन आपला आपण थाई वेळ दाखवायला लागतो. जहाज मात्र कधी सिंगापूरचीच वेळ चालू ठेवतं, कधी बदलतं. म्हणजे फोनमध्ये तीन आणि जहाजावर चार, असं होऊ शकतं. तेव्हा एक साधं हातातलं घड्याळ घाल, जहाजाच्या वेळेवर लाव आणि उतरताना शिडीजवळच्या माणसाला विचारून ताडून घे. फोनच्या घड्याळावर त्या दिवशी विश्वास नाही.

आता बंदरांकडे ये. प्रत्येक बंदराला एकच प्रश्न विचारायचा, जहाज थांबतं तिथून गाव किती लांब? स्वतः फिरायचं, जहाजाची टूर घ्यायची की वरच बसायचं, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

पेनांगला तू नशीबवान आहेस. स्वेटनहॅम पिअर हा धक्का जॉर्ज टाऊनच्या अगदी अंगाला आहे. बाहेर पडलं की समोर घड्याळाचा मनोरा, साठ फूट उंच, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या साठ वर्षांसाठी वर्षाला एक फूट असा बांधलेला. शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस, १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइट इथे उतरला ती जागा. आणि दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाललं की लिटिल इंडिया. इथे जहाजाची टूर अजिबात घेऊ नकोस. जे पायाखाली आहे त्यासाठी माणशी पैसे कशाला मोजायचे? मोठी सहा माणसांची गाडी लागलीच तर 'ग्रॅब' मागव. ते ॲप मात्र घरूनच घेऊन ठेव आणि नंबर, कार्ड सगळं जोडून ठेव. धक्क्यावर उन्हात उभं राहून ओटीपीची वाट बघण्यासारखी शिक्षा नाही.

सकाळी आधी क्वीन स्ट्रीटवरच्या महामारीअम्मन देवळात जा. १८३३ चं देऊळ आहे, गोपुर बघून सासूबाई खूश होतील, आणि दक्षिणेकडची देवळं दुपारी बंद होतात म्हणून सकाळीच बरं. तिथून आर्मेनियन स्ट्रीट चालत जाण्याइतपत जवळ. तिथे भिंतीवर दोन लहान मुलं रंगवलीत आणि त्यांच्यापुढे खरीखुरी सायकल लावलीय. एर्नेस्ट झाकारेविच नावाच्या चित्रकाराने २०१२ मध्ये अशी चित्रं गावभर काढली. फोटोसाठी रांग असते, पण पोरांना मजा येते, उभी राहा. मग पुन्हा लिटिल इंडियात येऊन केळीच्या पानावरचं जेवण. शाकाहारी मिळतं, भाताबरोबर सांबार-रसमही मिळतं, सासऱ्यांची कुरकुर बंद. झाला दिवस.

'पण पेनांग हिल?' विचारणार तू, मला माहीत आहे. बघ, टेकडी सुंदर आहे. आठशे मीटरच्या वर उंची, तारेने ओढलेली छोटी रेल्वे वर नेते, वर हवा थंड. पण खालचं स्टेशन धक्क्यापासून आठेक किलोमीटर, गाडीला रांग, वर रांग, उतरताना पुन्हा रांग. रांग टाळणारं महाग तिकीट असतं, तरी अर्धा दिवस त्यातच जातो. शनिवार-रविवार किंवा तिथली शाळेची सुट्टी असेल तर नावच काढू नकोस. टेकडी किंवा गाव, दोन्ही नाही. तुझ्या जागी मी असते तर गाव. टेकड्या आपल्याकडे काय कमी आहेत?

गावात चालताना एक लक्षात ठेव. जुन्या दुकानांपुढे छप्पर असलेल्या ओसऱ्या आहेत, ऊन-पाऊस लागत नाही, पण प्रत्येक ओसरीची उंची वेगळी. एक पायरी वर, दोन खाली. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी जपून, आणि तू बूट घाल. मी तिथे नवी कोरी कोल्हापुरी घालून मिरवत उतरले होते. पुढचं विचारू नकोस.

फुकेतचं गणित निराळं. तिथे बरीच जहाजं पातोंगच्या खाडीत, समुद्रातच नांगर टाकून उभी राहतात आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, त्याला टेंडर म्हणतात. घाबरू नकोस गं. आपल्या आज्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जायच्या तेव्हा बोट अशीच खोल पाण्यात थांबायची आणि पडावातून उतरावं लागायचं, डोक्यावर ट्रंक आणि कडेवर मूल घेऊन! तुला तर लाइफ जॅकेट आणि हात धरायला माणूस मिळणार आहे. फक्त वेळेचं भान ठेव. टेंडरला नंबर देतात, जहाजाच्या टूरवाल्यांना आधी सोडतात, आणि परत येतानाही किनाऱ्यावर रांग लागते. पाच तासांतला आणखी एक इथे वजा कर. मे ते ऑक्टोबर तिकडचा पावसाळा, पश्चिम किनाऱ्याला लाटा मोठ्या. समुद्र खवळलेला असेल तर कप्तान उतरवतच नाही, सरळ पुढे जातो. त्यावर भांडून उपयोग नसतो. काही जहाजं दुसऱ्या बाजूच्या खोल बंदराला, पक्क्या धक्क्याला लागतात. तुझं कुठे थांबणार, हे बुकिंग केलं तिथे आजच विचार.

फुकेतला फी फी बेटं आणि १९७४ च्या बाँडपटातलं ते समुद्रात उभं राहिलेलं सुळक्यासारखं बेट, या दोन्हींवर काट मार. मन घट्ट कर आणि मार. तिकडच्या बोटी फुकेतच्या दुसऱ्या अंगाने सुटतात, म्हणजे आधी रस्त्याने डोंगर ओलांडा, मग समुद्रात तासभर, मग परत. जहाजाची स्वतःची टूर असेल आणि सासू-सासरे वर थांबणार असतील तर विचार कर. नाहीतर पातोंगच्या वाळूत पोरांना सोड, शहाळी पी. फारच वाटलं तर एक गाडी ठरवून जुन्या फुकेत गावात जा, थालांग रोडवर रंगीत जुनी घरं आहेत, तासाभरात बघून होतं. भाडं बसण्याआधी ठरव, जाऊन-येऊन किती ते बोटांवर दाखवून. पातोंगच्या बांगला रोडचं नाव यादीत दिसलं मला. तो दिवसा बघण्यासारखा नसतो आणि रात्री सासूबाईंबरोबर जाण्यासारखा नसतो.

तुझ्या तारखेला फुकेतऐवजी पोर्ट क्लांग आलं, तर तिथे क्वालालंपूर पन्नासेक किलोमीटर लांब. रस्ता मोकळा असला तर तासभर, नसला तर देव जाणे. तिथे मात्र गुपचूप जहाजाचीच बस घे.

का, ते सांगते. जहाजाच्या टूरची बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबतं, किंवा त्या माणसांना पुढे पोचवायची जबाबदारी जहाज घेतं. आपण स्वतः गेलो आणि उशीर झाला, तर जहाज थांबत नाही. धक्क्यावरून पळत येणारी माणसं आणि डेकवरून टाळ्या वाजवणारी माणसं मी बघितलीयत, मजा वरच्यांना येते. म्हणून माझा हिशोब सोपा. धक्क्याजवळ असेल तर आपलं आपण, तासापेक्षा लांब असेल तर जहाजाबरोबर. पैशांचंही बघ, जहाजाची टूर माणशी पैसे घेते आणि गाडी गाडीचे घेते. दोघंच असाल तर फरक फार वाटत नाही, सहा जण असाल तर चांगलाच पडतो. बाहेरच्या कोणाची टूर आधी बुक केलीस तर जहाज आलंच नाही तर पैसे परत मिळणार का, हे लेखी घे. नुसतं फोनवर 'हो हो मॅडम' चालणार नाही.

पिशवीत काय? प्रत्येकाचं जहाजाचं कार्ड, ते नसेल तर परत चढताना तिथेच अडकाल. पासपोर्ट जहाज ठेवून घेतं की बरोबर न्यायचा, आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर विचार, आणि काहीही असो, पासपोर्ट-व्हिसाच्या पानांचे फोटो फोनमध्ये हवेत. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या केबिनमध्ये ठेवू नकोस, पर्समध्ये ठेव, दोन दिवसांच्या जास्त. बंदरातल्या एजंटचा नंबर छापील कार्यक्रमात दिलेला असतो, त्या कागदाचा फोटो काढ. जहाज चुकलंच तर फोन त्याला करायचा. फळं, घरचं ओलं खाणं किनाऱ्यावर नेऊ नकोस, बंद पाकीट चालतं. थोडे रिंगिट, थोडे बाट, सुट्ट्या नोटांत. आणि जहाज सुटताना सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाक, समुद्रातलं उपग्रहाचं नेटवर्क आपल्या रोमिंग पॅकमध्ये सहसा नसतं. पोरांचे तर तू स्वतःच्या हाताने टाक.

आणखी एक. कोणालाही उतरायची सक्ती नाही. सासूबाई म्हणाल्या, मी वरच बरी, तर राहू दे. सगळे उतरले की डेक रिकामा, बुफेला रांग नाही, खुर्ची हवी तिथे. त्यांना आयता चहा मिळतो, तुला चार तास मिळतात. त्यांच्याशी आदल्या रात्रीच बोलून ठेव, सकाळी शिडीजवळ नको, तिथे सगळे 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतात आणि मग दिवसभर पाय दुखतात.

बाकी आपण रविवारी फोनवर बोलू, पण एक काम तेवढं आजच कर. सिंगापूरहून निघून तुम्ही परत सिंगापूरलाच येणार, म्हणजे दुसऱ्यांदा प्रवेश. तेव्हा सहाही जणांचा व्हिसा काढ आणि त्यावर 'मल्टिपल' लिहिलंय का, स्वतःच्या डोळ्यांनी बघ.