रत्नागिरीच्या शिपायाचा माग

मुंबई इलाख्याच्या लष्करात रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या शिपायाचा शोध घेताना घरे चुकतात ती सुरुवातीलाच. घरात एखादी आठवण असते: पणजोबा पलटणीत होते, काबूलला गेले होते, बसऱ्याला पडले. त्या आठवणीवरून लढाई ठरते, लढाईवरून पलटण ठरते, आणि पलटणीच्या यादीत पहिले जुळणारे नाव दिसले की तेच आपले पणजोबा असे मानले जाते. शोधाची दिशा याच्या नेमकी उलट हवी. आधी घर, मग गाव, मग बापाचे नाव, मग पलटण. लढाई सर्वांत शेवटी.

प्रस्तुत लेखकाला हे कळायला दोन वर्षे लागली. मंडणगडकडच्या त्याच्या घरात पणजोबांचे धाकटे भाऊ बसऱ्याला गेले आणि परतले नाहीत, एवढेच पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते. पहिल्या महायुद्धातील मृतांच्या यादीत त्याच नावाचा, रत्नागिरी जिल्ह्यातला, १९१६ मध्ये मेलेला एक शिपाई सापडला. घरात आनंद झाला, नोंदीची प्रत चौकटीत बसली, वाडीच्या सभागृहातल्या फलकावर नाव रंगवले गेले. मुंबईतल्या एका मध्यस्थाने पैसे घेऊन वंशावळ करून दिली आणि ती थेट १८१८ च्या कोरेगावच्या लढाईपर्यंत नेऊन भिडवली. पुढे भावकीतल्या एका आजींच्या पेटीतून एक पदक निघाले. त्याच्या कडेवर पणजोबांच्या त्या भावाचे नाव होते, पण पलटण दुसरी आणि क्रमांकही दुसरा. मग यादीतली नोंद पुन्हा नीट वाचली, तेव्हा बापाचे नाव वेगळे निघाले आणि तालुका मालवण. पणजोबांचे भाऊ युद्धातून जिवंत परतले होते. गावी न येता मुंबईतच राहिले आणि तिथेच वारले. फलक पुसावा लागला, त्याची लाज वाटली. पण खरा अपराध वेगळाच होता. मालवणकडच्या कोणत्या तरी घराचा मेलेला मुलगा चार भिंतींआड आपला म्हणून टांगला गेला होता.

मालवण तालुका ‘रत्नागिरी’ म्हणून नोंदला जाण्याचे कारण साधे आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्यापूर्वीच्या लष्करी कागदांत देवगड, मालवण, वेंगुर्ले हे सारे रत्नागिरीतच येतात. सावंतवाडी मात्र स्वातंत्र्यापूर्वी संस्थान असल्याने वेगळी दिसते. इंग्रज कारकून कानावर पडेल तसे लिहीत. त्यामुळे रत्नागिरीची, चिपळूणची, दापोलीची तीन-चार वळणे भेटतात आणि ती सगळी तपासावी लागतात. एकाच नावाची गावेही कमी नाहीत. आंबवडे मंडणगडात आहे तसे सातारा जिल्ह्यातही आहे. तालुका मिळाल्याशिवाय गाव मिळाले असे समजू नये.

सर्वांत अवघड प्रश्न नावाचा. आज घरोघर असलेले आडनाव शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पलटणीच्या कागदात बहुधा नसतेच. कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे भीमेकाठच्या स्तंभावर कोरली आहेत. त्यांतल्या महार शिपायांची नावे ओळखू येतात ती आडनावावरून नव्हे, तर ‘नाक’ या शेवटावरून: आधी शिपायाचे नाव, मग बापाचे, आणि दोहोंना ‘नाक’ जोडलेले. पुढे आडनावे रूढ झाली आणि ‘नाक’ गळून पडले. म्हणून आजचे आडनाव घेऊन त्या काळच्या यादीत शोध घेणे व्यर्थ आहे. शिपाई आणि त्याचा बाप ही जोडी मिळाली तरच ओळख पटते. मराठा आणि कुणबी शिपायांच्या नोंदींत आडनाव कधी येते, कधी येत नाही. आले तरी एका गावात त्याच नावा-आडनावाचे तिघे सापडतात. ‘नाईक’ हा शब्द तर दुहेरी फसवतो, कारण तो हुद्दाही आहे आणि आडनावही. ‘जमादार’चेही तसेच. स्वातंत्र्यापूर्वीच्या पायदळात तो सुभेदाराखालचा अधिकारी होता. आज त्या जागी नायब सुभेदार आहे.

या अडचणीचे आणि तिच्या उत्तराचेही सर्वांत स्पष्ट उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातलेच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबवडे. आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील रामजी मालोजी सकपाळ सुभेदार झाले आणि लष्करी शाळेत त्यांनी शिकवले. आंबेडकर हे आडनाव हाताशी धरून कोणी पलटणीच्या यादीत रामजींना शोधू लागला, तर हाती काही लागणार नाही. कुळ सकपाळ, गावावरून आंबवडेकर, आणि मग आंबेडकर. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, आणि तो आंबवड्यात नव्हे, महूच्या छावणीत झाला. रामजींच्या निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आले, तिथून साताऱ्याला. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांची ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. तिचा क्रमांक १९१४. महू, दापोली, सातारा आणि आंबवडे अशा चार ठिकाणी विखुरलेले हे धागे जोडता आले, कारण प्रत्येक ठिकाणी बापाचे नाव कायम राहिले. शिपायांची मुले छावणीत जन्मत. गावच्या जन्मनोंदीत मूल नाही म्हणून ते त्या घरचे नव्हे, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट शाळेचे रजिस्टर अनेकदा गावच्या दप्तरापेक्षा अधिक बोलके असते.

पलटणींचे क्रमांक तीन वेळा बदलले आणि प्रत्येक बदल शोधकाला चकवतो. १८२४ मध्ये जुन्या बटालियनी मोडून नवे क्रमांक दिले गेले. १९०३ मध्ये मुंबईच्या पायदळ पलटणींच्या आकड्यांत शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३, पाचवीची १०५, दहावीची ११० झाली. १९२२ मध्ये अनेक पलटणी एकत्र करून मोठी रेजिमेंट केली गेली, आणि १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ यांची पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. तेव्हा ‘तिसरी पलटण’ आणि ‘१०३’ या दोन वेगळ्या आठवणी नाहीत, ती एकच पलटण आहे. कोरेगावला लढलेल्या तुकडीचा वारसा आज ग्रेनेडियर्सकडे जातो, आणि महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावला. कोरेगावच्या शिपायाचे कागद महार रेजिमेंटकडे मागणे म्हणूनच चुकीच्या दारात उभे राहणे होय.

तारखाही चाळणीचे काम करतात. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. दापोलीच्या निवृत्त सैनिकांनी, त्यांत गोपाळबाबा वलंगकर पुढे होते, त्याविरुद्ध दाद मागितली. महायुद्धात माणसांची टंचाई पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. महार घरातला पूर्वज १९०५ मध्ये पायदळात भरती झाला अशी आठवण असेल, तर ती पुन्हा तपासावी. तो लष्कराबरोबरच्या नोकरवर्गात असू शकेल, किंवा आठवणीतले वर्ष चुकले असेल. बसऱ्याच्या आठवणीही अशाच चाळाव्यात. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात लढल्या आणि कुतच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले आणि शरण गेलेल्यांतले कित्येक तुर्कांच्या कैदेत मेले. घरचे ‘बसरा’ म्हणतात तेव्हा त्यात कुत, बगदादची वाट आणि कैदेचे तळ हे सारे येते.

घरातली पेटी हे पहिले दप्तर. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. शोधासाठी याहून भरवशाची वस्तू नाही. यांतली चांदीची पदके हलाखीच्या वर्षांत सोनाराकडे गेली. मेलेल्या शिपायाच्या घरी नाव असलेले काशाचे गोल स्मृतिपट्ट आले होते. त्याशिवाय सेवामुक्तीचा दाखला, पेन्शनची वही, पलटणीतून आलेली पत्रे शोधावीत. कोकणात ही पेटी गावीच असेल असे नाही. चाकरमान्याबरोबर ती मुंबईच्या चाळीत गेलेली असते, आणि चाळ पाडताना फेकलीही जाते.

त्यानंतर गावचे दप्तर. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करता येतो. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाची नोंदवही. जमिनीसाठी फेरफार आणि वारस नोंदवही. खोती गावांत सरकारी कागद उशिरा सुरू होतो. तिथे १८८० च्या खोती कायद्याखालची बोटखते पाहावीत, कारण कुळांची नावे त्यांत आहेत. महार वतनाची जमीन भावकीच्या सामाईक नावाने असे. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, तेव्हाच्या कागदांत सगळ्या हिस्सेदारांची नावे एकत्र येतात. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्याही उपयोगी पडतात, पण ज्यांना देवळाच्या पायरीशीच थांबवले जाई त्यांची नावे तिथे शोधून मिळत नाहीत. अशा घरांसाठी पूर्वजाचे सर्वांत जुने लिहिलेले नाव बऱ्याचदा पलटणीच्याच कागदात असते. म्हणून ते चुकीचे जोडले जाणे अधिक दुःखाचे.

जुनी दप्तरे मोडीत आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. घरातल्या एखाद्या तरुणाने ती लिपी शिकावी हे कोणत्याही मध्यस्थापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे. सनांकडे लक्ष ठेवावे. शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येतो, फसलीत ५९० किंवा ५९१. एका वर्षाच्या फरकाने बाप आणि मुलगा यांची अदलाबदल होते.

गाव, तालुका, बाप आणि पलटण ही चार अंगे पक्की झाल्यावरच बाहेरच्या दप्तरांकडे वळावे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत मृत हिंदी शिपायाच्या नावापुढे पुष्कळदा बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. जिवंत परतलेला तिथे नसतो. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावे आहेत, पण त्यांत गाव नाही, म्हणून केवळ तेवढ्यावर विसंबू नये. सुभेदार आणि जमादारांची नावे छापील आर्मी लिस्टमध्ये येत, साध्या शिपायाची येत नसत. पलटणीच्या केंद्राकडे, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगावला, क्रमांकासह अर्ज करावा. पेन्शन न मिळालेल्याचे कागद मुदतीनंतर नष्ट झालेले असू शकतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे मुख्यतः स्वातंत्र्योत्तर सैनिकांची माहिती मिळते. मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत इलाख्याची दप्तरे आहेत, पण तिथे जाताना वर्ष आणि खाते माहीत हवे.

पैसे घेऊन वंशावळ देणाऱ्याकडे प्रत्येक पिढीसाठी मूळ कागदाची नक्कल मागावी. ती मिळाली नाही तर ती पिढी कोरी ठेवावी. दोन स्वतंत्र कागदांत एकच बाप आणि एकच गाव येईपर्यंत नाव फलकावर, दगडावर किंवा पत्रिकेत घालू नये. शंकेची नोंद शंका म्हणूनच लिहावी, आणि दुसऱ्या घराची नोंद हाती आली तर ती त्या घरापर्यंत पोहोचवावी.

कोकणातल्या पेट्या वाळवीच्या आणि ओलीच्या तोंडी आहेत. येत्या मृग नक्षत्राआधी पेन्शनची वही, दाखले आणि पदकाची कड यांचे फोटो काढून ठेवावेत, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला आजोबांच्या बापाचे नाव विचारून ते त्याच दिवशी लिहून घ्यावे.