विश्वाचा पक्ष काय आणि साध्य काय?

भूमितीचे प्रमेय लिहिताना तुम्ही आधी ‘पक्ष’ लिहिता, मग ‘साध्य’ आणि त्यानंतर ‘सिद्धता’. पक्ष लिहायला विसरलात तर गुरुजी गुण कापतात, आणि ते योग्यच आहे. काय धरून चाललो आहोत हेच सांगितले नाही, तर सिद्ध काय केले हे कळणार कसे? या प्रमेयांच्याही मागे आणखी काही विधाने उभी असतात. दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते, हे आपण सिद्ध करीत नाही, मानतो. अशा विधानांना गृहीतके म्हणतात.

तुम्ही म्हणाल, भूमितीचे ठीक आहे. पण भौतिकशास्त्रात तर सारे प्रयोगाने ठरते. तेथे मानण्याचा प्रश्न येतोच कोठे? एक साधा प्रयोग आठवा. ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले की ज्योत पिवळी होते. हा रंग मिठातल्या सोडियमचा. आज दिसलेला हा रंग उद्याही दिसेल, जपानमध्येही दिसेल, इतकेच नव्हे तर दूरच्या ताऱ्यावरचे सोडियमही असाच प्रकाश देत असेल, असे आपण धरून चालतो. हे धरले नाही, तर ताऱ्याच्या वर्णपटाकडे पाहून त्यात कोणती मूलद्रव्ये आहेत हे सांगताच येणार नाही. म्हणजे ‘निसर्गाचे नियम सर्वत्र सारखे आहेत’ हा भौतिकशास्त्राचा पक्ष झाला.

विश्वाचा अभ्यास करताना ही अडचण आणखी वाढते. विश्व एकच आहे. दुसरे विश्व परीक्षानळीत करून पाहता येत नाही. त्यामुळे शास्त्रज्ञांना आधी काहीतरी मानावे लागते. मोठ्या प्रमाणावर पाहिले तर विश्व सगळीकडे सारखेच आहे, त्यात कोणतीही जागा खास नाही, असे ते मानतात. आइन्स्टाइन यांनी १९१७ साली विश्वाचे गणित मांडले तेव्हा हे तर मानलेच, शिवाय विश्व स्थिर आहे असेही मानले. आणि ते स्थिर राहावे म्हणून समीकरणात एक जादा पद घातले. पण १९२९ साली हबल यांनी निरीक्षणांवरून दाखवले की, दीर्घिका जितक्या दूर, तितक्या अधिक वेगाने आपल्यापासून लांब जात आहेत. विश्व प्रसरण पावत होते. आइन्स्टाइन यांचे दुसरे गृहीतक कोसळले, पहिले टिकले.

आता हा चित्रपट उलटा फिरवा. दीर्घिका जवळ जवळ येत जातील आणि एके काळी सारे द्रव्य अतिशय दाटीने एकत्र असेल. असा विचार बेल्जियमचे लमेत्र यांनी १९३१ साली मांडला. त्यातूनच पुढे ‘महास्फोट’ सिद्धान्त आकाराला आला.

परंतु १९४८ साली केंब्रिजमधील बाँडी, गोल्ड आणि हॉईल या तिघांनी वेगळा मार्ग धरला. बाँडी आणि गोल्ड यांचा प्रश्न मोठा मार्मिक होता. विश्वात कोणतीही जागा खास नाही असे तुम्ही म्हणता. मग कोणताही काळ तरी खास का असावा? विश्व सर्वत्र जसे सारखे आहे, तसेच सर्वदाही सारखेच असले पाहिजे. हा झाला ‘स्थिर स्थिती’ सिद्धान्ताचा पक्ष.

पण विश्व पसरते आहे आणि तरीही सारखेच राहते, हे कसे? तुमच्या शाळेकडेच पाहा. दरवर्षी दहावीची मुले बाहेर पडतात आणि पाचवीत नवी मुले येतात. प्रत्येक मुलगा वयाने वाढत असतो, पण शाळेतल्या मुलांचे सरासरी वय बदलत नाही. स्थिर स्थितीतले विश्व अशा शाळेसारखे आहे. जुन्या दीर्घिका दूर जातात आणि मोकळ्या झालेल्या जागेत नव्या द्रव्यातून नव्या दीर्घिका जन्मतात. आता दुसरी एक शाळा कल्पा. तिने एकदाच मुले घेतली आणि मग प्रवेश बंद केला. तेथे सगळी मुले बरोबरीने मोठी होत जातील. महास्फोटाचे विश्व हे असे आहे.

‘नवे द्रव्य येणार कोठून? द्रव्य-ऊर्जा अक्षय्य आहे ना?’ असा आक्षेप लगेच निघाला. हिशेब केला तर एक घनमीटर जागेत सुमारे शंभर कोटी वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू निर्माण झाला तरी काम भागते! इतकी सूक्ष्म निर्मिती कोणत्या प्रयोगशाळेत सापडणार? अक्षय्यतेचा नियमही आपण मोजमापाच्या मर्यादेतच तपासलेला असतो, हे या निमित्ताने ध्यानात येते.

महास्फोटापुढे त्या वेळी एक अडचणही होती. हबल यांच्या आकड्यांवरून विश्वाचे वय सुमारे दोनशे कोटी वर्षे निघे, तर खडकांवरून पृथ्वीच त्याहून जुनी ठरत होती. आईपेक्षा मुलगी मोठी! पुढे १९५२ साली बाडे यांनी दीर्घिकांची अंतरे कमी मोजली गेली होती हे दाखवले आणि वय वाढले. आज विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आणि पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते.

मग दोन शाळांपैकी आपली कोणती, हे ठरवायचे कसे? जुने छायाचित्र काढून पाहायचे! आकाशात हे शक्य आहे. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. म्हणजे ती आपल्याला २५ लाख वर्षांपूर्वीची दिसते. जितके दूर पाहावे, तितके जुने छायाचित्र. केंब्रिजचे मार्टिन राइल रेडिओ दुर्बिणीने दूरचे रेडिओस्रोत मोजत होते. अंधूक स्रोत अपेक्षेहून जास्त भरतात, तेव्हा पूर्वीचे विश्व आजच्यासारखे नव्हते, असे त्यांनी १९६१ साली ठामपणे सांगितले. त्याच वर्षी हॉईल आणि त्यांचा तरुण विद्यार्थी यांनी उत्तर दिले की, एवढ्या मोजणीवरून असा निकाल देता येत नाही. हा विद्यार्थी म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर.

वादाला कलाटणी दिली ती दुसऱ्याच निरीक्षणाने. अमेरिकेत पेन्झिआस आणि विल्सन यांच्या अँटेनामध्ये १९६४ साली एक सतत खरखर ऐकू येत होती. त्यांनी अँटेनात घरटे केलेली कबुतरे हाकलली, त्यांची घाण साफ केली. तरी खरखर जाईना. ती सर्व दिशांनी सारखीच येत होती. विश्व एके काळी तप्त होते, त्याचीच ही थंडावलेली ऊब, असा तिचा अर्थ लागला. आज तिचे तापमान सुमारे २.७ केल्व्हिन आहे. स्थिर स्थितीच्या विश्वाला असे तप्त बालपण नव्हते, त्यामुळे तिचा उलगडा त्या सिद्धान्ताला नीट करता आला नाही. बहुतेक शास्त्रज्ञांनी तो सोडून दिला.

मग तो सिद्धान्त वाया गेला का? मुळीच नाही. तप्त आरंभ नाही, तर मूलद्रव्ये तयार झाली कोठे, या प्रश्नाने हॉईल यांची पाठ सोडली नाही. १९५७ साली बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉईल यांनी जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात कशी शिजतात हे सविस्तर मांडले. तुमच्या रक्तातले लोह ताऱ्यांत घडले, ही गोष्ट आज महास्फोट मानणारेही शिकवतात.

हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ साली सुधारलेला ‘स्थिरवत् स्थिती’ सिद्धान्तही मांडला. तोही बहुतेकांना पटला नाही. तरीही २०२५ साली निधन होईपर्यंत नारळीकर सांगत राहिले की, प्रचलित सिद्धान्तालाही प्रश्न विचारले पाहिजेत. आणि प्रश्न आहेतच! आजच्या हिशेबात विश्वाचा सुमारे ९५ टक्के भाग कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा यांचा धरावा लागतो, आणि ही दोन्ही मुळात काय आहेत हे अजून उलगडलेले नाही.

यातून आपण काय शिकायचे? काही मानून चालणे हा विज्ञानातला दोष नाही. मानलेले लपवणे हा दोष आहे. ‘कोणताही काळ खास नाही’ हे सुंदर वाक्य होते, पण त्याच्या कर्त्यांनी ते तपासणीसाठी उघड्यावर ठेवले, म्हणूनच ते चुकीचे ठरू शकले. जो पक्ष कधीच हरू शकत नाही, तो विज्ञानाच्या कामाचा नाही.

विचार करा
१. ‘नियम सर्वत्र सारखे आहेत’ हे गृहीतक दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशावरून कसे तपासता येईल?
२. आपली शाळा पहिल्या प्रकारची की दुसऱ्या, हे एकाच जुन्या छायाचित्रावरून नक्की सांगता येईल का? किती छायाचित्रे लागतील?
३. विज्ञानाच्या पुस्तकातला कोणताही एक धडा घ्या आणि त्याचा ‘पक्ष’ वहीत लिहून काढा. न लिहिलेली किती गृहीतके सापडतात, ते वर्गात मोजून पाहा.