भरला काटा, रिकामा काटा

जिनिंगच्या काट्यावर मी बावीस वर्षं बसलो. कापसाची गाडी आली की आधी भरली तोलायची, कापूस खाली झाला की तीच गाडी रिकामी तोलायची, वजाबाकी करायची आणि पावती फाडायची. दहा किलो इकडचे तिकडे झाले तर शेतकरी हुज्जत घालणार, आणि त्याचं बरोबरच असतं. एवढी वर्षं प्रत्येक काट्याकडे संशयाने पाहिलेल्या माणसाने मनगटावरच्या काट्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला. त्यात माझी फजिती झाली, ती सोसण्यासारखी होती. भाच्याचं मात्र वर्ष गेलं.

आमच्या पांढरकवड्यात पहाटे पाचला मैदानावर या. अंधारात पोरापोरींचे पाय वाजत असतात. कोणी गोळा फेकतंय, कोणी शंभर मीटरचे स्टार्ट मारतंय. शेती कोरडवाहू, कापसाचा भाव बेभरवशाचा, म्हणून घरोघरी एक तरी पोरगं भरतीच्या मागे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं. पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत. भाच्याचं सगळं आयुष्य त्या दहा सेकंदांभोवती फिरत होतं. दिवाळीत मीच त्याला मनगटावरचा बँड घेऊन दिला. महिनाभरात तो मनगट नाचवत घरी आला.

"मामाजी, पाच मिनिटं सहा सेकंद! आता कोण अडवते मले?"

बँड म्हणाला १.६० किलोमीटर, मैदानाचे चार फेरे झाले, आणि मैदान ४०० मीटरचं असं सगळेच म्हणत. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगताहेत म्हटल्यावर कोण शंका घेणार? भरतीच्या दिवशी पायाला चिप बांधून पोरं धावली. भाच्याची वेळ आली ५ मिनिटं ३८ सेकंद. घरी आला, जेवला नाही. पाय जड झाले होते, रात्री झोप नव्हती, अशी कारणं तो शोधत राहिला. मीही मान डोलावली. बँडला कोणीच विचारलं नाही.

आठवडाभराने माझ्यातला काटेवाला जागा झाला. जुनी सायकल काढली, दोन्ही चाकांत टणक हवा भरली, पुढच्या चाकाच्या आरीला लाल चिंधी बांधली. हवा आधी भरायची, कारण चाक दबलं की घेर बदलतो. मैदानाच्या कडेला चुन्याची एक रेघ मारली, चिंधी बरोबर खाली आणून चाक रेघेवर ठेवलं आणि सरळ दहा फेरे ढकलत नेलं. टेप लावला: २२ मीटर. म्हणजे एका फेऱ्याला २.२० मीटर. मग आतल्या कडेपासून वीतभराहून थोडं जास्त अंतर राखून मैदानाला पूर्ण चक्कर मारली. भाचा चिंधी मोजत होता, मी चाक सरळ ठेवत होतो. एकशे चौसष्ट फेरे आणि वर अर्धा. त्याने मोबाईलवर गुणाकार केला आणि मोबाईल माझ्याकडे सरकवला. ३६२ मीटरही पुरते भरत नव्हते. चार फेऱ्यांचे झाले साधारण १४४८. पोरगं रोज १६०० समजून दीडशे मीटर कमी धावत होतं.

मैदान ४०० चं ही अफवा. पण बँडने त्या अफवेवर शिक्का कसा मारला? बँडमध्ये जीपीएसच नव्हतं. असल्या स्वस्त पट्ट्यांना जागा कळते ती खिशातल्या मोबाईलकडून. धावताना मोबाईल खिशात आपटतो म्हणून भाचा तो पिशवीत ठेवून पिशवी लिंबाखाली टाकायचा. मग बँडने काय करावं? पावलं मोजली, उंचीवरून एका पावलाची लांबी धरली आणि गुणाकार केला. म्हणजे काटा नव्हताच, नजरअंदाज होता. अशा अंदाजाने आम्ही जिनिंगमध्ये एक बोंडही विकत घेतलं नसतं.

म्हणून भरतीच्या पोरांना माझं पहिलं सांगणं: घड्याळ घेताना डब्यावर जीपीएस लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. ते घड्याळात आहे की मोबाईलचं उसनं आहे, हे दुकानदाराला विचारा. उसनं असेल तर मोबाईल अंगावर ठेवूनच धावा. स्वतःचं असेल तर उघड्यावर उभं राहा, उपग्रह सापडल्याची खूण येईपर्यंत थांबा, मग बटण दाबा. घाईने निघालात तर पहिले शे-दोनशे मीटर कुठे लागतील सांगता येत नाही. घड्याळात पावलाची लांबी भरायची सोय असेल तर मोजलेल्या १०० मीटरवर धावून पावलं मोजा आणि तो आकडा भरा. चालण्याचं पाऊल वेगळं, धावण्याचं वेगळं, हे विसरू नका.

चांगलं जीपीएसही मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मीटर इकडे तिकडे होतं. लांब सरळ रस्त्यावर ते जिरून जातं, छोट्या गोल मैदानावर जिरत नाही. त्यातून घड्याळ बॅटरी वाचवण्याच्या तंत्रावर असेल तर ते थांबून थांबून ठिपके टाकतं आणि मधलं वळण खाऊन सरळ रेघ जोडतं. हे समजायला आम्हाला लांब जायला नको. शेजारच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉलर घातली होती. त्या जूनमध्ये तो निघाला आणि वर्षअखेरीला थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. नऊ महिन्यांत त्याने ३००० किलोमीटरहून जास्त वाट तुडवली, म्हणून लोकांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं. कॉलर तासाला एक ठिकाण नोंदवायची. आता वाघ काय तासभर नाकासमोर चालतो? नाल्याला वळसा, बांधावरून पलीकडे, हरणामागे दोन चकरा. ठिपके जोडून आलेलं अंतर हे त्याचं कमीत कमी अंतर, खरं त्याहून जास्तच असणार. पांढरकवड्याचा सगळ्यात मोठा धावपटू तोच, आणि त्याचीही नोंद अपुरीच. घड्याळात 'दर सेकंदाला नोंद' असा पर्याय असेल तर तो चालू करा. बॅटरी लवकर उतरेल, उतरू द्या.

उलटाही प्रकार होतो. नागपूरला कोणी २१ किलोमीटर धावून येतो आणि सांगतो, माझ्या घड्याळात २१.३ भरले, आयोजकांनी जास्त पळवलं. असं नसतं. शर्यतीचा रस्ताही सायकलनेच मोजतात, चाकाला फेरे मोजणारं यंत्र लावून, आणि अंतर कमी पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. शिवाय मोजणारा वळणाच्या आतल्या कडेने जातो, आपण गर्दीत बाहेरून जातो. माझी लाल चिंधी काही येडेपणा नव्हता, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

आता माझी फजिती. भाच्याच्या संगतीने मीही एक घड्याळ घेतलं. वय छप्पन्न, साखर काठावर. पहाटे चालायचो, मधून मधून दुडकी चाल. थंडीचे दिवस होते, पट्टा सैल, मनगटाच्या हाडावर घसरलेला. एका सकाळी घड्याळ थरथरलं. ठोके १६४. २२० मधून वय वजा करायचं हे ढोबळ सूत्र मला ठाऊक होतं, आणि ते माझ्या बाबतीत नेमकं १६४ च येतं. मी मटकन दगडावर बसलो. डोळ्यांसमोर बायको, पोरी, न फिटलेलं कर्ज. त्याच दिवशी डॉक्टर, ईसीजी, रक्ताच्या चाचण्या. सगळं ठीक. डॉक्टरांनी माझं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, मनगटावर दोन बोटं ठेवली, भिंतीवरच्या काट्याकडे बघत पंधरा सेकंद मोजलं आणि चारने गुणलं. "हे शिकून घ्या," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तीच दुडकी चाल, घड्याळावर पुन्हा १६०च्या वर. या वेळी घाबरलो नाही. एक मिनिटभर उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजलं: ८२. दोन्ही पायांचे १६४. घड्याळात पाहिलं: १६४! ते माझं काळीज मोजतच नव्हतं, माझे पाय मोजत होतं. लगेच थांबून बोटांनी नाडी पाहिली, पंधरा सेकंदांत ३१, म्हणजे १२४. गंमत म्हणजे मी थांबताच घड्याळातला आकडा चार-पाच सेकंदांत ढेपाळला. खरं काळीज असं झटक्यात खाली येत नाही, सावकाश उतरतं.

होतं ते असं. घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं, ठोक्यागणिक शोषण कमी-जास्त होतं, आणि परत आलेल्या उजेडावरून यंत्र ठोके ओळखतं. पट्टा सैल असला की प्रत्येक पावलाला घड्याळ उडतं, उजेड हलतो, आणि यंत्र त्या हलण्यालाच ठोका समजतं. थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असल्याने खरी खूण आणखी क्षीण. उपाय साधा आहे: पट्टा हाडाच्या वर एक-दोन बोटं चढवा, व्यायामापुरता घट्ट करा, नंतर सैल सोडा, आणि धावण्याआधी पाच-दहा मिनिटं अंग गरम करा. मनगटावर गोंदण असेल तर दुसऱ्या हाताला बांधा. ज्यांना ठोक्यांवरच सराव करायचा आहे त्यांनी छातीचा पट्टा घ्यावा. तो उजेडावर नाही, हृदयाच्या विजेच्या खुणेवर चालतो. फक्त बांधण्याआधी त्याची आतली बाजू ओली करा. पण छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला तर घड्याळाशी वाद घालत बसू नका. घड्याळ 'ठीक' म्हणालं तरी दवाखाना गाठा.

पावलांचा हिशेब तर विनोदच. मी मोटारसायकलवर पांदणीने शेतात जाऊन आलो की घड्याळ खूश. बायकोने एक दिवस ते हाताला बांधलं. धुणं आपटलं, पावलं वाढली. डोक्यावर पाण्याची गुंडी, हात गुंडीला लावलेला, विहिरीपासून घरापर्यंत चार खेपा, आणि पावलं जवळपास जागच्या जागी. हात हलला तरच पाऊल, असा त्या यंत्राचा कायदा. दुपारी ती भाकरी थापत होती तर ते म्हणालं, फार वेळ बसलात, उठा. तिने ते काढून फ्रीजवर ठेवलं. तिचं उत्तर छापण्यासारखं नाही. रोज दहा हजार पावलांचा जो धोशा लावतात, तोही १९६५ च्या एका जपानी पावलंमापकाच्या नावातून आलेला. 'मानपो-केई' म्हणजेच दहा हजार पावलांचं मापक. कोणा वैद्याने तोलून दिलेला आकडा नव्हता तो.

उष्मांकांचं मात्र काटेवाला म्हणून सांगतो. व्यायामानंतर घड्याळ म्हणतं ३५० खर्च झाले, आपण दोन समोसे कमावल्यासारखे खातो. त्या ३५० मध्ये कित्येकदा गाडीचं वजन धरलेलं असतं. तासभर नुसते खाटेवर पडलो असतो तरी शरीराने काही जाळलंच असतं, ते वजा कोणी करायचं? बऱ्याच घड्याळांत 'एकूण' आणि 'सक्रिय' असे दोन आकडे असतात. एकूण म्हणजे भरली गाडी, सक्रिय म्हणजे नुसता कापूस. आणि तो कापूसही पक्क्या वजनाचा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी यंत्रं तपासली होती. नाडीत सातपैकी सहा यंत्रं ५ टक्क्यांच्या आत चुकली, पण उष्मांकांत सगळ्यात चांगलं यंत्र सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. तेव्हा वय, वजन, उंची खरी भरा, वजन बदललं की पुन्हा भरा, आणि तरीही त्या आकड्यावर समोसा खाऊ नका.

याचा अर्थ घड्याळ फेकून द्या असा नाही. माझं अजून हातात आहे. आज आणि कालची तुलना त्याच घड्याळाने, त्याच मैदानावर, त्याच हाताला बांधून केली तर ते पुष्कळ कामाचं. भाचा तर धाव संपवून बटण बंद करायचं विसरायचा आणि मोटारसायकलवर घरी येईपर्यंत जगज्जेता होऊन बसायचा. आता रेघ ओलांडली की पहिलं काम बटण.

चार फेऱ्यांनंतर पुढे १५२ मीटरवर पोरांनी चुन्याची जाड रेघ ओढली आहे. पाऊस आला की पुसते, पुन्हा ओढतात. परवा भाचा त्या रेघेवर आला तेव्हा माझ्या हातातल्या स्टॉपवॉचमध्ये ५ मिनिटं २१ सेकंद होते. मोबाईल मुद्दाम लिंबाखालीच ठेवला होता; बँडने अंतर दाखवलं १.७७ किलोमीटर.

"मामाजी, वहीत कोणतं लिहू?"

वहीत मी दोन रकाने आखून दिलेत. त्याने दोन्ही भरले, बँडच्या रकान्यावर बारीक फुली मारली आणि पाणी प्यायला गेला. अकरा सेकंद अजून कमी करायचे आहेत.