धानाची वाहतूक आणि गावच्या जमिनीची आखणी

गोंदिया जिल्हा हा धानाचा प्रदेश होय. येथील शेतकरी बियाणे, खत व पाणी यांचा विचार काळजीपूर्वक करतो. परंतु तयार झालेला माल कोणत्या वाटेने व किती वेळा चढउतार होऊन जाणार, याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक रस्ता, गुदाम व शेतजमीन यांची आखणी एकत्रच केली पाहिजे.

गोंदियाचा अनुभव

बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली व तिच्या मोठ्या मार्गावर गोंदिया हे स्थानक आले. विसाव्या शतकाच्या आरंभी येथून उत्तरेस जबलपूरकडे व दक्षिणेस चांद्याकडे अरुंद मार्ग निघाले. रुळांची रुंदी भिन्न असल्याने माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. आता या मार्गांचे रुंदीकरण झाले असून ती अडचण सरली आहे. तथापि शेतापासून मालधक्क्यापर्यंतच्या वाटेत चढउताराचे दुखणे कायम आहे.

हिशेब मांडावा

समजा, एका गावातून ३,००० क्विंटल धान विक्रीस जाते. दहा टनांच्या मालमोटारीच्या या ३० खेपा झाल्या. शासकीय भरडाईत १०० क्विंटल धानापासून ६७ क्विंटल साधा तांदूळ धरला जातो. म्हणजे धान जवळच्या गिरणीत भरडले, तर पुढील लांबच्या प्रवासास सुमारे २० खेपा पुरतात. तूस व कोंडा जवळच राहतो. मात्र खरेदी केंद्र एका दिशेस, गिरणी दुसऱ्या व गुदाम तिसऱ्या दिशेस असेल, तर हा लाभ वाटेतच नाहीसा होतो.

जागेची निवड

आपल्याकडे तलावाचे व बोडीचे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरते. मध्येच मातीचा उंच भराव घालून रस्ता नेला व पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर वरच्या शेतकऱ्याचे धान सडते आणि खालच्याचे वाळते. एका शेतकऱ्याची सोय ही दुसऱ्याची हानी ठरू नये. म्हणून ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. गावच्या नकाशावर तलाव, बोड्या, पाट, नाले व पांदण रस्ते प्रथम दाखवावेत. नंतरच नव्या रस्त्याची रेघ ओढावी.

२. गुदाम व खरेदी केंद्रासाठी पाणी न साचणारी, उंचावरील बरडी जमीन निवडावी. ओलिताची बांधी एकदा भरावाखाली गेली की ती सहसा परत मिळत नाही.

३. जागा पक्क्या रस्त्यालगत असावी. मालमोटार वळण्यास व बैलगाडी, ट्रॅक्टर थांबण्यास मोकळी जागा ठेवावी. रांग रस्त्यावर येऊ देऊ नये.

४. धान ठेवण्यासाठी उंच ओटा व छप्पर असावे. कापणीनंतरच्या अवकाळी पावसात उघड्यावरील धान भिजून अंकुरते.

५. भरावातील मोऱ्यांची जागा पावसाळ्यात प्रत्यक्ष वाहते पाणी पाहून ठरवावी.

६. शेतजमिनीचा वापर बदलण्यापूर्वी लागू असलेले नियम तहसील कार्यालयात विचारून घ्यावेत.

हा विचार ग्रामसभेत, काम मंजूर होण्यापूर्वी व्हावयास हवा. भराव पडल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा नकाशावर वेळीच हलविलेली एक रेघ अधिक हिताची ठरते.