मेडिकलच्या काउंटरवरून : आंबट गोळीचे अनुभव

शिरपूर जैनमध्ये मेडिकल चालवायचं म्हणजे गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक आमचं गावचं, सोयाबीन-तुरीचं. दुसरं अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला आलेलं. पावसाची पहिली सर लागली की दोघंही एकच वस्तू मागतात : "भाऊ, ते संत्र्याची आंबट गोळी द्या ना, इम्युनिटीवाली." ही व्हिटॅमिन सीची गोळी विकणं माझा धंदाच आहे. तरी एवढी वर्षं ती विकता विकता जे वाचलं आणि पाहिलं, ते हे.

१. नाक वाहायला लागल्यावर गोळी मागणाऱ्याला फारसं काही मिळत नाही.
हेमिला आणि चॉकर या दोघा संशोधकांनी २०१३ मध्ये सर्दी आणि व्हिटॅमिन सीवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. रोज गोळी घेतल्याने सर्दी टळते का, यासाठी २९ चाचण्या, ११ हजारांवर माणसं. सर्वसाधारण माणसाला सर्दी व्हायची तितक्या वेळा झालीच. फरक पडला तो मुक्कामात : मोठ्यांचा ८ टक्के कमी, मुलांचा १४ टक्के. म्हणजे सात दिवसांचं पडसं मोठ्या माणसाचं साडेसहा दिवसांत गेलं, पोराचं सहा दिवसांत. तेही आधीपासून रोज घेणाऱ्यांचं. सर्दी झाल्यावर सुरू करणाऱ्यांत ठाम फायदा दिसला नाही. अपवाद मॅरेथॉन धावणाऱ्यांचा, बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांचा आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणाऱ्या सैनिकांचा. त्यांच्यात सर्दी निम्म्यावर आली. आमच्या गिऱ्हाइकांत असे कितीक!

२. नाव मोठं असलं म्हणून औषध मोठं होत नाही.
लायनस पॉलिंग यांना १९५४ मध्ये रसायनशास्त्राचं आणि १९६२ साठी शांततेचं नोबेल मिळालं. १९७० मध्ये त्यांनी सर्दी आणि व्हिटॅमिन सीवर पुस्तक लिहिलं आणि जगभर गोळ्यांचा खप वाढला. पुरावा मात्र त्यांच्या दाव्याएवढा कधीच झाला नाही.

३. पोतं भरलं की वरचं सांडतं.
व्हिटॅमिन सी शरीराला लागतं, यात शंका नाही. जंतूंशी भिडणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तातल्यापेक्षा पन्नास ते शंभर पट सी स्वतःत साठवून ठेवतात. ते कमी पडलं की जखमा चिघळतात, हिरड्यांतून रक्त येतं, संसर्ग बळावतो. पण लागतं किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम, बाईला ६५. आमची चघळायची गोळी ५०० ची! एका वेळी हजारावर घेतलं तर निम्म्याहून कमी अंगी लागतं, उरलेलं बाहेर. त्यातल्या थोड्याचं ऑक्सलेट होतं, म्हणून मुतखडा होऊन गेलेल्याला मी आधी डॉक्टरांना विचारून या म्हणतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात, कमी पाणी पिणाऱ्याला तर नक्कीच.

४. ज्याला गरज, तो मागत नाही.
हा माझा सगळ्यात पक्का अनुभव. आंबट गोळी मागतो तो बहुधा धडधाकट. घरी फळं येतात, मोबाइलवर काहीतरी पाहिलेलं असतं. आणि दुकानाशेजारी ओट्यावर खर्रा (तंबाखू-सुपारी) चघळत बसलेले म्हातारबाबा, ज्यांच्या ताटात भाकर, बेसन आणि ठेचा, ते कधीच मागत नाहीत. २०११ मध्ये साठीपुढच्या भारतीयांच्या रक्ताचा एक मोठा अभ्यास आला. उत्तरेत सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेत ४६ टक्के लोकांत सी कमी निघालं. तंबाखू आणि चुलीचा धूर असलेल्यांत ही कमतरता जास्त. अशा बाबांना मी गोळी दाखवत नाही, पेरू सांगतो. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर सी असतं, संत्र्यात पन्नासच्या आसपास. संत्र्याच्या मुलखात हे कोणाला पटत नाही, ती गोष्ट वेगळी. दात नसले तर पेरू किसून घ्यावा. खर्रा सोडा म्हटलं की मात्र बाबा हसून दुसरीकडे पाहतात.

५. लिंबू शेवटी.
सी पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने जातं. वरण उकळताना लिंबू पिळण्यापेक्षा ताटात पिळावं. तसं केल्याने वरणातलं आणि पालेभाजीतलं लोहही जास्त अंगी लागतं. रक्त कमी असलेल्या आमच्याकडच्या बायांना हे सर्दीच्या गोळीपेक्षा जास्त कामाचं. लिंबासारखीच कामाची उसळ : कोरड्या मटकीत सी जवळजवळ नसतं, मोड आले की तयार होतं. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात (१९१५-१६) सहावी पुणे डिव्हिजन अडकली, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. घोड्याचं मांस नाकारणाऱ्या हिंदी शिपायांना स्कर्व्हीने, म्हणजे सीच्या कमतरतेच्या आजाराने, गाठलं. त्याच सुमारास लंडनमध्ये शास्त्रज्ञ हॅरिएट चिक यांनी मोड आलेल्या कडधान्यांचा गुण प्रयोगाने दाखवला. आपल्या उसळीची अशी परीक्षा झालेली आहे.

६. कोरोनात गोळ्या संपल्या, पुरावा नंतर आला.
२०२० मध्ये ही गोळी मिळेना. २०२१ च्या एका अमेरिकी चाचणीत घरी उपचार घेणाऱ्या कोरोना रुग्णांना सी आणि झिंकच्या मोठ्या डोसचा फायदा दिसला नाही. २०२२ च्या दुसऱ्या एका चाचणीत सेप्सिसच्या (अंगभर भिनलेल्या संसर्गाच्या) अत्यवस्थ रुग्णांना शिरेतून सीचा मोठा डोस दिला, तर मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण उलट वाढलेलं निघालं.

७. ओळीची काळजी करू नये.
चैत्र-आश्विनातल्या ओळीत, म्हणजे जैनांच्या नऊ दिवसांच्या व्रतात, आयंबिल (दिवसातून एकदा साधं रुक्ष जेवण) करणाऱ्या यात्रेकरू काकू विचारतात, "नऊ दिवस फळ नाही, भाजी नाही, मग गोळी घ्यावी का?" गोळी चालते की नाही, ते त्यांच्या महाराजसाहेबांनी सांगावं. विज्ञानापुरतं एवढं सांगतो : नीट खाणाऱ्याच्या अंगात साधारण दीड हजार मिलिग्रॅमचा साठा असतो, आणि सी पूर्ण बंद झालं तरी स्कर्व्हीची लक्षणं दिसायला महिना तरी लागतो. नऊ दिवसांत काही बिघडत नाही. पारणं झालं की चार दिवस ताटात लिंबू राहू द्या, आवळ्याचे दिवस असले तर कच्चा आवळा मीठ लावून खा. मुरंबा नको, त्यात साखर जास्त आणि सी कमी. काकूंना मुरंबाच हवा असतो.